घमेल्यातले साक्षीदार

“चाट मग! माती चांगली हाय म्हणतोस ना, चाटून दाखव!”

ही मीच बरं का! चौक गावी, हायवेच्या कडेला, बबनच्या गॅरेजसमोर मातीनं भरलेलं घमेलं आपटून उभी होते. फजिती माझीच व्हायची होती, पण तेव्हा कुणाला ठाऊक?

“काकी, मी मोटारी दुरुस्त करतो. माती कशाला चाटू?” बबन कुरकुरला.

“तुझ्या गॅरेजमागंच माझा वाल हाय. तुझं काळं तेल शिरलंय त्यात! येवढा एकच तुकडा हाय मला. पानं पिवळी पडली. आन् हे बघ किडं!”

माती हलवली तसे तिळाहून बारीक पांढरे जीव टणाटण उडाले. गिऱ्हाईकं मागं सरली!

शाळेची पायरी मी चढले नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायला शिकले, म्हणून मला सगळंच कळतं अशी माझी खात्री. नासक्या डाळीत किडे पडतात, मग नासक्या मातीत नाही का पडणार? सरळ गोष्ट!

गाडीचं चाक बदलायला थांबलेली एक बाई पुढं आली. शेतकी कॉलेजात शिकवणारी. पर्समधून भिंग काढून तिनं घमेल्यात डोकंच घातलं.

“मावशी, हे पोटाखालची शेपटी झटकून उडतात. कुजका पाला, बुरशी खातात. तेल किंवा विष मातीत उतरलं, तर आधी हेच नाहीसे होतात. इथं तर जत्रा भरलीय! माती ठणठणीत आहे तुमची.”

शेत शाबूत होतं हो! पण तोंड गप्प बसेल तर ना? “मग पानं पिवळी कशानं? सांगा की!”

“पाणी किती घालता?”

आली का पंचाईत! वाल हे दवावर येणारं पीक. त्याला पाणी कोण घालतं? पण तेल धुऊन काढायचं म्हणून मी रोज हंड्यावर हंडे ओतत होते.

“म्हंजे काकी,” बबन फिदीफिदी हसला, “वाल तुमीच बुडवलात!”

“पाणी थांबवा, सावरेल तो,” बाई म्हणाली.

सगळं गॅरेज हसत होतं. टायरमध्ये हवा भरणारा तर पोट धरून खाली बसला. मलाही हसू आवरेना. बबन घमेलं माझ्या डोक्यावर द्यायला वाकला. कोपरापर्यंत काळे, तेलकट हात! मी कडाडले,

“आधी हात धू रं मेल्या, आत माझी लेकरं हायत!”