बांधावरचं जर्किन

आई गेली आणि आबांनी अंथरूण धरलं. आजार असा काही नव्हता. वाढलं की जेवायचे, विचारलं की ‘हाय की बरा’ म्हणायचे, तेवढंच. मग मीच ठरवलं, पहाटे त्यांना माझ्याबरोबर कळंब्याच्या तलावावर पळायला न्यायचं. माझा स्वभावच तसा. दुःखालासुद्धा मी वेळापत्रक लावते.

दिवस कडक थंडीचे होते. शाहूपुरीतल्या एका दुकानात मी त्यांच्यासाठी कपडे निवडायला बसले. आबांचं म्हणणं, सुती बनियन आणि वर जाड स्वेटर, विषय संपला. मी समजावलं, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तीच ओल अंग गारठवते. म्हणून आत पातळ, लगेच वाळणारा शर्ट, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जर्किन. अंग तापलं की वरून एकेक काढायचं.

“मी काय कांदा हाय व्हय?” आबा म्हणाले.

आई गेल्यानंतरची त्यांची ती पहिली थट्टा. मी दुकानातच रडायला लागले. दुकानदार बिचारा घाईघाईनं दुसरे रंग काढून दाखवू लागला.

तलावाच्या बांधावर फिरायला येणाऱ्यांची एक रीत आहे. तापलं की स्वेटर झाडाच्या फांदीला अडकवायचा, परतताना घ्यायचा. त्याला कुणी हात लावत नाही. आबांना ही रीत फार आवडली. काही दिवस सगळं छान चाललं आणि मी निर्धास्त झाले.

एका पहाटे धुकं इतकं दाट होतं की पायातले बूटही दिसेनात. मी गाडी लावून नाडी बांधेपर्यंत आबा पुढे निघून गेले. बांधावर चढले तर पहिल्याच झाडाखाली कुणीतरी मान खाली घालून उभं होतं. “आबा,” मी हाक मारली. जवळ गेले तर नुसतं जर्किन, फांदीला लोंबणारं. एवढ्यात अंग तापलं? मला नवल वाटलं, पण मी पुढे पळत राहिले.

थोड्या अंतरावर स्वेटर दिसला. आणि त्याच्याही पुढे, जिथून पायवाट पाण्याकडे उतरते तिथल्या झुडपावर, आतला शर्ट. आतला शर्ट कुणी काढत नाही. मी तो हातात घेतला. कोरडा ठणठणीत होता, घामाचा टिपूससुद्धा नव्हता.

धुक्यातून एक कानटोपीवाले गृहस्थ आले. मी त्यांना आबांबद्दल विचारलं.

“व्हय की. खाली उतरत हुतं मघाशी. बोलत चाललं हुतं.”

“कुणाशी?”

“ते न्हाय बा दिसलं. बोलणं तेवढं ऐकू आलं.” आणि ते चालू लागले. चार पावलांवर धुक्यानं त्यांनाही गिळलं.

मी खाली धावले. हाका मारल्या. पाणी कुठे सुरू होतं तेही कळत नव्हतं. मी इतकी घाबरले होते की मला माझाच आवाज ओळखू येईना. मग समोरून आबा सावकाश वर येताना दिसले. वरचं अंग उघडं, पँट कमरेपर्यंत भिजलेली.

“आबा, हे काय?”

“तूच म्हणालीस की, तापलं की काढायचं.”

“आणि पाण्यात कशाला गेलतासा?”

ते धुक्याकडे बघत म्हणाले, “ती म्होरं चालली हुती गं. म्या बी गेलो जरा. पर पाणी लई गार. तिला म्हटलं, तू हो म्होरं, मी येतो सावकाश.”

मी माझं जर्किन काढून त्यांच्या खांद्यांवर घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि त्यांना घट्ट धरून उभी राहिले. जरा वेळानं आबांचे दात कडाकडा वाजायला लागले. त्यांना थंडी वाजत होती. त्या आवाजानं मला जितका आनंद झाला तितका उभ्या आयुष्यात कशानं झाला नाही.