कोलूच्या पायऱ्यांवरचे बिल्ले

बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या प्रत्येक मोठ्या स्पर्धेचा एक बिल्ला निघतो, हे मला व्हिएन्नाच्या पत्रमित्रामुळे कळलं. आमची सुरुवात टपाल तिकिटांच्या अदलाबदलीनं झाली होती. एकदा तिकिटं संपली म्हणून त्यानं पाकिटात एक मीनाकारीचा बिल्ला घातला: निळ्यावर पांढरा स्केट, मागे टाचणी. मी तिकिटांचा नाद सोडला तो तेव्हापासून. पाच-सहा वर्षांत तीसेक बिल्ले जमले आणि तीन पदकं. त्यातलं एक दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं, त्यावर एका पायावर तोललेली बाई. ते पाहून कुंभकोणम्‌मधला प्रत्येक जण एकच सांगे, चिंच लावून घासा, लख्ख होईल. जुन्या पदकाचा काळेपणा हीच त्याची किंमत, हे या भांडीवाल्यांच्या गावाला कोण समजावणार!

मी स्वतः बर्फ पाहिला होता तो सोड्याच्या दुकानातला, भुशात गुंडाळलेला. एकदा चप्पल काढून त्या लादीवर अंगठा टेकवून पाहिला, तर दुकानदार अंगावर धावून आला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातली माझी गत. आई मात्र ऐकायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण प्रत्येक बिल्ला ती चित्रावरून ओळखायची. ती गेली, पाठोपाठ वडीलही, आणि नवं पाकीट फोडून दाखवायला घरात कोणी उरलं नाही.

आमच्याकडे नवरात्रात घरोघर पायऱ्या मांडून बाहुल्यांची आरास करतात, तिला कोलू म्हणतात. बायका बघायला येतात, एखादं गाणं म्हणतात, कुंकू लावून घेतात आणि हरभऱ्याची उसळ घेऊन जातात. आई गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मी एकट्यानं कोलू मांडला. दरवर्षी एक तरी नवी बाहुली हवी, असा रिवाज. मी बाहुलीऐवजी बिल्ले आणि पदकं मांडली. आईच्या आरशाचं गोठलेलं तळं केलं, काठानं कापूस पसरला. मला फार काही नको होतं. कोणीतरी बोट दाखवून विचारावं, एवढंच.

कॉलेजच्या कचेरीत मी कारकून होतो. तिथं सगळ्यांना सांगितलं, घरच्यांना पाठवा. सगळे हो म्हणाले. पाच दिवस मी रोज उसळ शिजवली आणि रोज एकट्यानं संपवली. सहाव्या दिवशी शेजारच्या मामींना चिडूनच विचारलं, माझं काय चुकलं? त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "तुमच्या घरात बाईमाणूस नाही. कुंकू कोण लावणार? आणि कुंकू न लावून घेता सवाष्णीनं परत कसं जायचं?"

तीस बिल्ल्यांची गावं आणि सालं मला तोंडपाठ होती, पण जन्म जिथं गेला तिथली एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती. स्वतःचा राग आला. मग रडू आलं.

सातव्या दिवशी दुपारी मी आरास उचलायला घेतली, तर दारात काकू उभ्या. गल्लीच्या टोकाला भावाकडे राहायच्या, पिढ्यान्‌पिढ्या या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्याच मराठी मंडळींतल्या. बाराव्या वर्षी विधवा झालेल्या. तेव्हापासून अंगावर विधवेचं तांबडं आलवण. कोणाच्याच कोलूला त्यांना बोलावणं नसे. आईनंही कधी बोलावलं नव्हतं.

"तुझ्याकडे कुंकू लावणारं कोणी नाही म्हणे," त्या म्हणाल्या. "म्हणून आलें रे. येऊं का आंत?"

मी घाईनं जाजम अंथरलं. त्या बसल्या, वाकल्या आणि एका पायावरच्या बाईकडे बोट केलं. "ही पडत नाही कां?"

मी सांगायला लागलो. बर्फ, बूट, त्यांची पाती, परीक्षक, पत्रमित्र, सगळं एका दमात. दोन वर्षांचं साचलेलं होतं. काकू प्रत्येक बिल्ला नीट न्याहाळून परत ठेवत होत्या. पाचव्यापाशी त्यांनी मला हातानं थांबवलं.

"पुरे. सगळे आजच नको दाखवूंस," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला अजून तीन दिवस आहेत."