तात्यांच्या हातातला डबा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मयत आहे, तेव्हा हसलात तर माझ्याशी गाठ आहे! आणि माझ्याएवढी माती कुणी खाल्ली नसेल, हेही आधीच कबूल करते.

लॉकडाऊन लागला तेव्हाची गोष्ट. लालबागला आमच्या चाळीच्या खालीच शेठचं किराणा दुकान. कामाची दोन्ही माणसं मिळेल त्या गाडीने गावाला पळाली आणि शेठ एकटा पडला. मी तशी रोज तिथे उभी असायचीच. कोण काय नेतंय, किती नेतंय, बघायला नको? शेवटी शेठच म्हणाला, "मालतीबेन, बाहेर उभं राहून बघता, तर आत उभं राहून बघा ने! पगार देतो."

झालं. लागली नोकरी.

तुम्हाला वाटेल, मज्जा. अहो, कसली मज्जा! शटर अर्धं वर जायचं अवकाश, माणसं पिशव्या नाचवत अंगावर यायची. पाव किलो रवा नेणारी बाई दहा किलो मागतेय. "काकू, मला आधी!" "ए, लाईनीत ये ना रे!" "साबण द्या, कुठला पण द्या!" एकाने कुत्र्याची बिस्किटं उचलली. म्हटलं, अरे, तुझ्याकडे कुत्रा कुठाय? तर म्हणतो, "असू दे काकू. पुढे काय खायची पाळी येईल, कुणाला माहितीय?"

दुकानात हसले मी. घरी गेल्यावर मात्र ते आठवून घास उतरेना.

त्यात आमच्या शेजारच्या नलूमावशी. त्यांच्या सुनेला तापात अँब्युलन्सने नेलेली, मुलगा तिच्या मागे हॉस्पिटलच्या बाहेर, आणि तीन महिन्यांची नात मावशींच्या गळ्यात. वरचं दूध पोरीला पचेना. घरातली बाळाची पावडर तळाला आलेली. भिंतीपलीकडून ते रडणं ऐकू यायचं ना, कानात बोटं घालावीशी वाटायची. मावशी म्हणाल्या, "मालती, तू दुकानात आहेस ना? एक डबा तेवढा बाजूला काढ गं."

आणि त्याच संध्याकाळी माल आला. अहो, माल कसला, खोकी उघडायच्या आतच हात आत! मी त्या गर्दीत घुसले, पावडरचा एक डबा छातीशी धरला आणि मागे पळाले. पण ठेवू कुठे? गल्ल्याखाली ठेवला तर शेठ विकणार. गोणीमागे ठेवला तर लोक गोणीच उचलणार.

मग सुचलं. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात मर्तिकाचं सामान असतं. मडकी, सुतळी, पांढरं कापड, गुलाल. तिथे गिऱ्हाईक नजरसुद्धा टाकत नाही. दुकान लुटलं तरी त्या कोपऱ्याला कुणी शिवणार नाही! दिला डबा मडक्यात सोडून, वर कापड. काय डोकं आहे माझं, म्हणत घरी गेले.

सकाळी दुकानात येते, तर कोपरा मोकळा.

"शेठ, इथलं सामान?"

"तात्या ऑफ झाले ने, पहाटे. हार्ट. मीच नेऊन दिलं. पैसे पण नाय घेतले."

तात्या म्हणजे आमच्याच चाळीत तळमजल्याला राहणारे. देवमाणूस. पण खरं सांगते, त्या क्षणी तात्या मनात आलेच नाहीत. डबा आला! तशीच धावले.

बाहेर तिरडी बांधून तयार. चारच माणसांना परवानगी, गेटवर हवालदार "चला, चला, उरका" करतोय. बाकी चाळ गॅलरीतून वाकून बघतेय. तात्यांचा मुलगा मोबाईल वर धरून गावच्या लोकांना दर्शन घडवतोय. आणि माझा डबा? तात्यांच्या उजव्या हाताखाली!

आमच्याकडे तिरडी बांधायचं काम अण्णांचं. ते मला हळूच म्हणाले, "मडक्यात निघाला. कुणीतरी आठवणीने ठेवलाय बघ. चहाबाज माणूस, असू दे सोबत."

मी वाकले आणि डबा धरला.

"मालती, सावर!" अण्णा ओरडले. दोघी बायकांनी मला मागून धरलं. त्या मला ओढतायत, मी डबा ओढतेय, डब्याबरोबर तात्यांचा हात वर येतोय! वरून आवाज, "बघा, सख्ख्या बहिणीने एवढं केलं नसतं." मोबाईलमधून गावचा आवाज, "ती तात्यांच्या अंगार पडता ती कोण रे?"

तात्यांची बायको, आमची वहिनी, भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे माझं अवसानच गेलं.

"वहिनी, हा डबा नलूमावशींच्या नातीचा आहे हो! मीच लपवलेला!"

हवालदारसुद्धा गेट सोडून पुढे आला.

वहिनी उठली. नवऱ्याचा हात अलगद बाजूला केला, डबा काढला आणि माझ्या हातात दिला. "घे गो. पोरगी उपाशी आसा. ह्येंका आता कसलो चाय."

मी रडले ती तेव्हा. खरीखुरी.

डबा साबणाने धुतला, हळदीच्या पाण्याने पुसला आणि मावशींपुढे ठेवला. मावशींनी चष्मा लावला. डबा फिरवून फिरवून वाचला. मग चष्मा काढला.

"मालती, ही चहात घालायची दुधाची पावडर आहे गं. तान्ह्या पोरीला चालत नाही."

तुम्हीच सांगा, धरणी कुठे शोधू?

शेवटी दुसऱ्या मजल्यावरची सुगंधा खाली आली. तिचं पोर सात-आठ महिन्यांचं. तिने मावशींची नात मांडीवर घेतली आणि पदर ओढला. रडणं थांबलं. हे आधी कुणालाच का सुचलं नाही, देव जाणे. मलासुद्धा नाही, जिला अख्ख्या चाळीचं सगळं माहीत!

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, चहा आपणच न्यायचा असतो. माझ्या घरात दुधाचा थेंब नव्हता. केला त्याच पावडरचा.

वहिनीने घोट घेतला. कपात बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"गो मालती, ह्येंच्या हातातसून ओढून घेतलंस, आणि आता माकाच पाजतंस?"