एकशे सोळा किलो

"पेंट धरला का?"

कुठल्याही यंत्राचं वजन त्याला सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. रंगालाही वजन असतं हे मी त्याच्याकडून पहिल्यांदा ऐकलं आणि हसलो. तो हसला नाही. "वायरी, ग्रीस, नटबोल्ट, सगळं धरायचं शेठ. न्हायतर तो आकडा कशाचा?"

रेवदंड्याच्या अलीकडे माझी शेड आहे. आधी बोटींची वेल्डिंगची कामं करायचो, आता हात असलेली, चाकांवर चालणारी यंत्रं बनवतो. लोक त्यांना रोबोट म्हणतात. त्यांची चित्रं कॉम्प्युटरवर काढायला हा माणूस होता. पेणकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. चित्रातल्या प्रत्येक भागाला लोखंड की ॲल्युमिनियम ते सांगितलं, की कॉम्प्युटर यंत्र बनण्याआधीच त्याचं वजन सांगतो आणि तोल कुठे आहे तिथे ठिपका दाखवतो. ठिपका चाकांच्या आत असला तर यंत्र उभं राहतं, बाहेर गेला तर पडतं.

हातात येईल ते तो बोटावर तोलून बघायचा. चमचा, पाना, एकदा जेवताना सुका बोंबील. "डोक्याकडं जड हाय," म्हणाला, मग खाल्ला. आमचा वेल्डर त्याला ग्रॅमभाऊ म्हणे. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. अशांबरोबर काम करताना जीव मेटाकुटीला येतो, आणि ते नसले की आपल्याच आकड्यांवर आपला विश्वास राहत नाही.

सांगितलेल्या भावात मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. त्या सवयीने मी त्याच्याशी वजनाचीही घासाघीस करायचो.

"एकशे सोळा? शंभर कर."

"भाव न्हाय शेठ, वजन हाय."

"बरं, तुझं नको, माझं नको, एकशे पाच."

"एकशे सोळा. पेंट धरून."

ते यंत्र एका बर्फ कारखान्याच्या मालकासाठी होतं. जेट्टीवर बोटीतून मासळीची क्रेट उचलायला. मालकाची अट, चार गड्यांना उचलून टेम्पोत टाकता आलं पाहिजे, शंभर किलोच्या आत. मी हो म्हणून बसलो होतो. हे पसंत पडलं तर आणखी चार यंत्रं मिळणार होती. आणि हा पठ्ठ्या मागच्या बाजूची सत्तावीस किलोची लोखंडी पाटी काढायला तयार होईना. "पाटी काढली की हात लांब करताच तोंडावर पडंल."

भाचीच्या हळदीला तो दोन दिवस गावी गेला. मी त्याच्या खुर्चीत बसलो. इतके दिवस मागे उभा राहून बघत होतो, तेवढं येत होतं. पाटीवर क्लिक केलं, लोखंडाचं ॲल्युमिनियम केलं. एकशे सोळाचे अठ्ठ्याण्णव झाले. ठिपका पुढे सरकलेला दिसला. चार बोटं सरकला, त्याने काय होतं, असं मनाशी म्हणालो. ॲल्युमिनियमची पाटी कापून घेतली आणि मालकांना द्यायचा चित्राचा कागद छापला. कोपऱ्यात चित्र काढणाऱ्याचं नाव आपोआप येतं. त्याचं आलं.

चाचणीला तो गावाहून थेट जेट्टीवर आला. कानामागे हळद तशीच. यंत्राने बांगड्याचं क्रेट उचललं, हात लांब केला आणि सावकाश, वाकून नमस्कार केल्यासारखं तोंडावर पडलं. बांगडे जेट्टीभर.

"काय रं शेठ," टोपलीवाली कोळीण ओरडली, "यंत्राला सकाळचं जेवायला दिलं न्हाय काय?"

सगळे हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी कागद उघडला. तोवर हा यंत्राजवळ बसला होता. त्याने बोटाच्या पेराने पाटी वाजवली. लोखंडाचा आवाज आला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"नाव तुझंच ना रे हे?" मालकांनी विचारलं.

"व्हय. नाव माझंच हाय."

"वजन काढता येत नाही तर कॉम्प्युटरवर बसतोस कशाला?"

हे त्याला, रंगाचं वजन धरणाऱ्याला, वीस माणसांसमोर. माझं तोंड कधी बंद नसतं. तेव्हा मात्र बंद राहिलं. डोळ्यांसमोर ती चार यंत्रं होती.

परत येताना टेम्पोत मी वाट बघत होतो. त्याच्या जागी मी असतो तर गाडी थांबवून कॉलर धरली असती. रेवदंड्याचा पूल आला. तेव्हा तो म्हणाला, "मला इचारायचं तरी हुतं, शेठ." बस्स. महिना पूर्ण केला, सगळ्या फायली नीट लावून दिल्या आणि गेला. पुण्यात कुठेतरी आहे म्हणतात.

मला त्याचा राग आहे, अजून आहे. आठ वर्षं एका शेडमध्ये काढली आणि जाताना एक शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या, आरडाओरडा झाला असता, आणि त्या धडाक्यात माझ्या तोंडून खरं निघून गेलं असतं. भांडणात मी कधीतरी नमतो. गप्प माणसापुढे नमायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

यंत्र मी त्याच्या जुन्या चित्राप्रमाणे पुन्हा बनवलं. लोखंडी पाटी, एकशे सोळा किलो. कोपऱ्यातलं नाव या खेपेला काढून टाकलं. ते नाव बघून मालकांनी कागद हातात घेतला नसता. वजन ऐकून ते भांडतील म्हणून मी तयारीने गेलो होतो. त्यांनी दोन गडी जास्त बोलावले. "चार काय नि सहा काय, गडी आहेत की."

यंत्राने क्रेट उचललं, हात पूर्ण लांब केला आणि जागचं हललं नाही. मालकांनी पाठीवर थाप मारली.

"हा नवीन माणूस चांगला मिळाला तुम्हाला."

"हो," मी म्हणालो. "चांगला आहे."