गंजातला कॅमेरा

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून कामाला लागते. जंगलाच्या कडेलाच जन्म गेला, अंधारात एकटी शेतावर गेले, कधी काही दिसलं नाही. म्हणून हे लिहायलाही लाज वाटते... पण लिहून ठेवते.

माझी मुलगी पुष्पा लग्नाचे फोटो काढते. आम्ही गोंडपिपरीजवळ राहतो. मागच्या वर्षी तिची कॅमेऱ्याची काळी बॅग बसमधून चोरीला गेली. कसाबसा दुसरा कॅमेरा आला, तेव्हा तिचा भाऊ म्हणाला, "आता हाबी गेला तं घरीच बस." ते ती विसरली नव्हती. मीही नाही.

यंदा मार्गशीर्षात तिला भामरागडचं लग्न मिळालं. हळदीसाठी लहान कॅमेरा घेऊन ती पुढे गेली. तो कसाबसा घेतलेला मोठा दुरुस्तीला होता, तो आला की मी न्यायचा होता. फोनवर म्हणाली, "आई, बॅगमध्ये आणू नको. कोनाले समजलंच नाई पाह्यजे."

मी कॅमेरा आणि त्याची मोठी लेन्स जुन्या लुगड्यात गुंडाळून जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवली. झाकण लावलं, वरून फडकं बांधलं, आणि गंज खताच्या चुंगडीच्या, म्हणजे गोणीच्या, पिशवीत घातला. पाहुण्यांकडे जाताना आम्ही असंच काहीबाही नेतो.

दुपारची बस होती. आष्टीच्या पुढे एक मफलरवाला शेजारी येऊन बसला. पायाने पिशवी सरकवून पाहिली.

"लय जड हाये, बाई. काय हाये यात?"

मला अनोळखी माणसाशी बोलायला जमत नाही. तोंडाला आलं ते बोलले — "मोहफुलं."

"आता? थंडीत?" तो मोठ्याने हसला. "कोन्या झाडाले लागला बाई तुमचा मोह? आमालेबी दाखवा!"

आजूबाजूचेही हसले. मोह होळीच्या सुमारास पडतो, हे इथे लहान पोरालाही ठाऊक. त्याने फडक्याची गाठ सोडली. मी पिशवी जवळ ओढायला गेले, तोवर उशीर झाला होता. त्याने झाकण उचललं.

"अबे... खरंच हाये ना!"

त्याच्या मुठीत मोहफुलं होती. ताजी, पिवळसर, दवाने ओली. एक त्याने तोंडात टाकलं. वास बसभर पसरला. पुढून कंडक्टर ओरडला, "कोन बे दिवसाढवळ्या मोहाची दारू घेऊन बसला? खाली उतरवीन!"

गंजात पाहायचा मला धीर झाला नाही. त्याने फुलं परत टाकली, झाकण ठेवलं, आणि दोन गावांनंतर उतरून गेला. थोड्या वेळाने मागच्या सीटवरचे मास्तर उठून शोधू लागले — त्यांची लॅपटॉपची बॅग नव्हती.

भामरागडला पुष्पा घ्यायला आली. खोलीवर तिने गंज उघडला, तेव्हा मी तोंड फिरवून उभी होते.

"वा आई, मस्त बांधलं तू! धूळबी नाई लागली."

कॅमेरा, लेन्स, सगळं जागच्या जागी. लुगडं कोरडं. फूल एकही नाही, वासही नाही. मी तिला झालेलं सांगितलं.

"तुले डुलकी लागली असन," ती म्हणाली.

बस मुक्कामी होती. मी तिला कंडक्टरकडे घेऊन गेले. तो म्हणाला, "वास? अजून डोकं भणभणून राह्यलं, बाई."

खोलीवर येऊन पुष्पाने गंज पुन्हा हुंगून पाहिला. लग्नाचे फोटो छान आले, त्यावरून तिला पुढची दोन कामं मिळाली.

फुलं कुठून आली, हा विचार मी सोडून दिला. जंगलात फुलांना काय तोटा... पण झाकण उघडं होतं तेवढा वेळ माझ्या पोरीचा कॅमेरा कुठे होता, ते मला अजून कळलेलं नाही.