टर्बोचं बटण

आमच्या पहिल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर टर्बोचं बटण होतं. एकदा दाबलं की मशीन पळायचं, परत दाबलं की रांगायचं. शेजारच्या छोट्या काचेत हिरवे आकडे दिसत, पळताना चाळीस आणि रांगताना वीस. मी दिवसभर चाळीसवर ड्रॉइंग करायची. सकाळी माझी अंघोळ-नाश्ता होईपर्यंत अप्पा वीसवर खेळायचे.

अप्पा म्हणजे माझे वडील. पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी चोवीस वर्षं लेथ चालवला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले, तेही पहिल्या झटक्यात सगळे पेपर काढून. याचा मला तेव्हा अभिमान होता आणि आजही आहे. तो का लपवू?

माझा निकाल लागला त्याच वर्षी अप्पांना लकवा झाला. पाय सावरला, उजवा हात अर्धाच परत आला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो अप्पांनी खिडकीत ठेवून दिला. म्हणाले, "मी काय पाळण्यातलं पोर आहे?"

यशवंतपूरच्या आमच्या दोन खोल्यांत मी जुना कॉम्प्युटर आणून कारखान्यांची ड्रॉइंग करायला लागले. त्यात आधीच्या मालकाचा एक खेळ राहिला होता. खाली एक फळी, वर विटा, मध्ये उडणारा चेंडू. फळी डावी-उजवीकडे सरकवून चेंडू परतवायचा. अप्पा एकदा मागे उभे राहून बघत होते, मग खुर्ची ओढून बसले आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून बाणांच्या बटणांवर ठेवला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तीन महिन्यांत त्यांचं मधलं बोट आपणहून उचललं जायला लागलं. मग ते शर्टाचं बटण लावायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, "कुठला व्यायाम करता?" अप्पा गंभीरपणे म्हणाले, "कॉम्प्युटरचं काम आहे थोडं."

दवाखान्यातून घरी आल्यावर आई म्हणाली, "भाजी चिरायला हात चालत नाही, खेळायला बरा चालतो!"

"भाजीत विटा नसतात गं," अप्पा म्हणाले.

तेव्हा ड्रॉइंग मोठी व्हायला लागली होती. पूर्ण जोडणीचं चित्र स्वल्प मोठं करून बघायचं म्हटलं की मशीन रेघा परत काढत बसायचं. मी कुकर लावून यायची तरी अर्ध्याच रेघा आलेल्या असायच्या. पीण्यातल्या एका मालकांनी तोंडावर सांगितलं, "मॅडम, काम चांगलं आहे तुमचं, पण पुढचं काम फास्ट मशीनवाल्याला देतो."

मी एस. पी. रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेले. नवीन अख्खा कॉम्प्युटर परवडणारा नव्हता. बोर्ड, प्रोसेसर आणि मेमरी एवढंच नवीन घ्यायचं, मॉनिटर, कीबोर्ड, कॅबिनेट जुनंच ठेवायचं आणि जुना बोर्ड बदल्यात द्यायचा, असं ठरलं. दुकानदाराने माझ्यासमोर सगळं जोडलं. शेवटी दोन तारा उरल्या.

"ह्या टर्बोच्या," तो म्हणाला. "नव्या बोर्डावर याची जागा नाही."

"मग?"

"बेडा, नकोच ते, मॅडम. आता हळू मशीन कुणाला पाहिजे?"

त्याने तारांना चिकटपट्टी लावली आणि आत सोडून दिल्या. मलाही हळू मशीन नकोच होतं. त्या क्षणी अप्पा माझ्या मनातसुद्धा आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे बसले. खेळ सुरू झाला आणि संपला. चेंडू दिसलाच नाही. त्यांना वाटलं आपलं चुकलं. परत लावला, परत संपला. मग त्यांनी टर्बोचं बटण दाबलं. काचेतला आकडा चाळीसवरून वीसवर आला. तो आकडा नुसत्या बटणाला जोडलेला होता, आत काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नव्हता. चेंडू तसाच गेला.

"वीस दाखवतंय," अप्पा म्हणाले. "पण वीस नाहीये हे."

मी त्यांना तारांचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लेथला पुली असते. पितळेला जास्त स्पीड, बिडाला कमी. पट्टा एका पुलीवरून काढून दुसरीवर टाकायचा. बटण नसलं तरी आत कुठं तरी पुली असेल की याला."

"नसते, अप्पा. कॉम्प्युटर आहे तो. लेथ नाही."

"बघितलंस का?"

"बघायचं काय त्यात? मला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. मी बघितलंही नव्हतं. कामाचा ढीग होता आणि मशीन पहिल्यांदाच मी म्हणेन तसं पळत होतं.

"सरी, ठीक आहे," अप्पा म्हणाले. "तू शिकलेली. तू म्हणतेस म्हणजे नसेल."

ते उठले. पुढचे तीन-चार दिवस येऊन बटण दाबून बघायचे, आकडा वीस झाला की एकदा खेळ लावायचे. मग यायचे बंद झाले. मी दुसरा खेळ शोधते म्हणाले, शोधला नाही. आईने रबरी चेंडू खिडकीतून काढून त्यांच्या हातात दिला, तो संध्याकाळपर्यंत परत खिडकीत गेला. पीण्याची कामं मात्र परत यायला लागली.

सात-आठ महिन्यांनी मशीन मध्येच अडकायला लागलं. एस. पी. रोडच्या त्याच दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मशीन चालू होतानाच सेटिंगमध्ये जा, कॅश मेमरी बंद करून बघा. दोष तिथं आहे का ते कळेल. पण मशीन बैलगाडी होईल हं."

मी बंद केली. मशीन खरंच बैलगाडी झालं. रेघा एकेक करून यायला लागल्या, जुन्यासारख्या. मी त्या येताना बघत बसले. मग ड्रॉइंग बंद करून खेळ लावला. चेंडू दिसत होता. विटेवर आपटून खाली येईपर्यंत वेळ मिळत होता. पाच मिनिटांचं काम होतं ते, पहिल्या दिवशीही पाच मिनिटांचंच होतं.

मी अप्पांना हाक मारली. ते आले, बसले. डाव्या हाताने उजवा हात उचलून बटणांवर ठेवला. बोटं आत वळलेली होती. मधलं बोट बाणावर पडलं ते उचललंच गेलं नाही. फळी एका कोपऱ्यात जाऊन बसली. चेंडू सावकाश खाली आला आणि गेला. दुसराही गेला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी हात मांडीवर घेतला आणि तो नुसता बघितला.

"म्हणजे पुली होती," ते म्हणाले.

"होती."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. त्यांनी पडद्याखालच्या माझ्या कागदांकडे बघितलं.

"हे कधी द्यायचंय?"

"आज संध्याकाळी."

"मग पट्टा परत टाक फास्टवर. जॉब अडवून ठेवू नये."

ते उठून आत गेले. मी मशीन बंद करून चालू केलं, सेटिंगमध्ये जाऊन कॅश मेमरी परत सुरू केली. काचेत अप्पांनी शेवटचं दाबल्यापासून वीसच दिसत होतं. बटण दाबून ते चाळीस केलं आणि कामाला बसले. मशीन मध्ये दोनदा अडकलं, तरी ड्रॉइंग वेळेत गेलं.