पूर्णेवरचा डोंगा

अकोल्याहून अकोटला जाताना वाटेत पूर्णा लागते. तिच्या अलीकडच्या काठावर, नावाड्यांच्या घरात मी लग्न होऊन आले. पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली गेला की बैलगाड्या काठाशी थांबत. मग मीठ, घासलेट, ज्वारीची पोती आमच्या डोंग्यातून पलीकडे जात आणि परतीला तिकडून सरकी येई. डोंगा सासरे सांभाळत. पुढे बांबू घेऊन आमचे हे उभे राहत.

पुढं नदीवर रेल्वेचा पूल झाला. माल गाडीनं जाऊ लागला, रस्त्यावर ट्रकही दिसू लागले. वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं. ह्यांना स्टेशनावर हमाली मिळाली. डोंगा काठावर उपडा पडून राहिला. एका हिवाळ्यात त्याच्या तळाच्या फळ्या काढून आम्ही गोठ्याला दार केलं. सासरेच म्हणाले होते, "काढा. आता कोन बसते त्याच्यात?"

एका भादव्यात मात्र असा पूर आला, की रस्ता तर बुडालाच, पण रुळांखालचा भरावही वाहून गेला. पलीकडच्या गावात माझी नणंद दिलेली, नुकतीच बाळंत झालेली. रोज गाडी येते म्हणून तिथल्या दुकानदारानं धान्य साठवणं केव्हाच सोडलं होतं, आणि घरोघरच्या जमिनीतल्या पेवांत पाणी शिरून ज्वारी सडली. लोक पलीकडच्या काठावर येऊन ओरडत. शब्द ऐकू येत नसत, नुसते तोंडाकडे जाणारे हात दिसत.

सासऱ्यांनी गोठ्याचं दार उचकटलं.

"मामाजी, हे काय करून राहिले तुमी?"

"पोरगी उपाशी हाय माही. तुले दिसत नाही काय?"

"फळ्या वाळून गेल्या त्या. पानी रोकनार नाही."

"मंग दुसरं काय हाय, सांग ना!"

बापलेकांनी फळ्या ठोकल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, वरून डांबर ओतलं. आम्ही आणि शेजाऱ्यांनी घरातली ज्वारी आणून दिली. हे म्हणाले, "बाबा, आधी रिकामा नेऊन पाहू." सासरे ऐकेनात. "रिकामा डोंगा पाहून पोट भरते काय तिचं?"

मी काठावरून बघत होते. डोंगा धारेत शिरला आणि तळ सुटला. ह्यांनी बापाच्या सदऱ्याला धरून पोहत कितीतरी खाली, आमच्याच काठाची बाभूळ गाठली. पोती वाहून गेली. पलीकडचे लोक पोत्यांच्या बरोबरीनं काठानं पळाले, मग थांबले. मी मातीत बसून कपाळ बडवलं.

पाणी ओसरल्यावर हे पलीकडे जाऊन आले. नणंद तरोट्याच्या उकडलेल्या रानपाल्यावर तगली होती. अंगावरचं दूध आटलं आणि मूल गेलं.

सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "नातू होता का नात?"

"नात."

ते भिंतीकडे तोंड करून पडले.

भराव बांधून झाला, गाडी सुरू झाली. त्याच गाडीनं नणंद माहेरी आली. मी तिच्यापुढं भाकर आणि वरण ठेवलं. ती ताटाकडे बघत राहिली.

"वयनी, घास गियवत नाही वं," ती म्हणाली.